नावसांगे यांचा प्रोजेक्ट रिपोर्ट

माझं झेरॉक्सचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आहे. पुढच्या फाटकातून कुलगुरू आणि पाहुणे जातात, मागच्यातून विद्यार्थी, म्हणजे गिऱ्हाईक माझ्याच बाजूला. इथे बसून मला शिक्षणाबद्दल बरंच कळलं आहे. एखाद्या वर्षी कुणीतरी एक रिपोर्ट लिहितो. पुढची पोरं वरचं नाव बदलून तोच माझ्याकडून छापून घेतात, सर लोक तोच पुन्हा तपासतात, आणि सगळे पास होतात. मी कुणाला काही बोलत नाही. छपाई स्वच्छ आली पाहिजे आणि स्पायरल सरळ बसलं पाहिजे, एवढंच माझं काम.

माझ्या दाजींनी मात्र रिपोर्ट खरोखर लिहिला. बसून, विचार करून, स्वतःच्या डोक्याने. ती गोष्ट सांगताना माझं डोकं अजून तापतं, तेव्हा मधेच कुणाला चार शब्द लागले तर लागले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डिप्लोमा केल्या केल्या बांधकामावर लागले, आणि तिथेच त्यांनी सुपरवायझर म्हणून केस पांढरे केले. साइटवर सगळे ओरडून बोलतात, कारण मिक्सर चालू असतो. आणि मिक्सर बंद पडला तरी ओरडतात, कारण सवय झालेली असते. दाजी तेवढे हळू बोलायचे. गंमत म्हणजे त्यांचंच सगळ्यांना ऐकू जायचं.

त्यांची एक खोड होती. कुणाचं काही चुकलं की ते त्याच्या जवळ जाऊन म्हणायचे, "साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग." क्रेनवाला मुलीला शाळेत सोडून उशिरा आला, माझं नाव सांग. स्टोअरकीपरने दुसऱ्याच मापाच्या सळया वर पाठवल्या, माझं नाव सांग. प्लंबरची आई आजारी पडली आणि तो न सांगता निघून गेला, त्यालाही फोन करून तेच. साइटवर त्यांचं टोपणनाव पडलं नावसांगे. ते इतकं रुळलं की नव्या वॉचमनने त्यांच्या गेटपासवर 'श्री. नावसांगे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. दाजींनी तो पास बदलून घेतला नाही. म्हणाले, बिचाऱ्याने मन लावून लिहिलंय.

ताई म्हणायची, "तुमच्या नावावर घर नाही, गाडी नाही, पण अख्ख्या साइटच्या चुका मात्र आहेत."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं की हे कशासाठी. तर म्हणाले, "अरे शेठ, साहेब माझ्यावर ओरडतो आणि दुपारपर्यंत विसरतो. त्यांच्यावर ओरडला तर थेट घरी पाठवतो. मग कुणाचं नाव सांगितलेलं बरं?" दुकान टाकल्यापासून ते मला शेठ म्हणतात. त्यांच्या या उत्तरात चूक काहीच नव्हती. ओरडणं हवेत विरतं, आणि तोवर सगळा कारभार तोंडीच होता.

मग कंपनीने नियम काढला की यापुढे साइट इन्चार्ज डिग्रीवालाच हवा. दाजी सुपरवायझर असले तरी इन्चार्जचं सगळं काम तेच करायचे. फक्त खुर्ची नि सही दुसऱ्याची असायची. कंपनीचे मॅनेजर, ज्यांना आम्ही घरात एसीसाहेब म्हणायचो, ते धुळीचा त्रास होतो म्हणून साइटवर फारसे येत नसत. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि त्याही फोनवरून. त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, "डिग्री आणा, पुढची इमारत तुमची." दाजी ते ऐकून घरी आले तेव्हा मी ताईकडेच होतो. त्यांनी चपला काढायच्या आधी ही बातमी सांगितली. एखादी गोष्ट इतकी हवीशी झालेली मी आधी त्यांच्या तोंडावर पाहिली नव्हती.

विद्यापीठात बांधकाम व्यवस्थापनाचा शनिवार-रविवारचा डिग्रीचा कोर्स होता. दाजींनी प्रवेश घेतला. वर्गातली पोरं त्यांना काका म्हणायची, पहिल्या बाकावर बसवायची आणि त्यांच्या पाठीमागे लपून मोबाइल बघायची. दाजींना मात्र त्या शिक्षणाचं वेडच लागलं. सुट्टी झाली की ते माझ्या दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे आणि आज काय शिकवलं ते मला सांगायचे. मला मशीनच्या आवाजात निम्मंच ऐकू यायचं, पण त्यांचा चेहरा बघायला मजा वाटायची. कुठलं काम कुणासाठी खोळंबतं, कुठलं काम लांबलं तर सगळीच इमारत लांबते, हे एका कागदावर रेघा मारून दाखवता येतं याचं त्यांना फार अप्रूप. "आयुष्यभर मी हेच केलं रे," ते म्हणायचे, "पण याला नाव असतं हे माहीत नव्हतं."

एकदा जेवायला बसलो असताना ते ताईला क्रिटिकल पाथ समजावत होते. "हे बघ, ताटं आधी मांडलीस, पाणी आधी ठेवलंस, तरी जेवण लवकर होत नाही. कुकर झाल्याशिवाय पुढे काही सरकत नाही. म्हणजे कुकर क्रिटिकल."

"कुकर मी लावते," ताई म्हणाली. "तेव्हा क्रिटिकल मी आहे, हे लिहून ठेवा."

त्यांनी खरंच वहीत लिहिलं. तेव्हा आम्ही किती हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही.

शिकवणारे सर चांगले होते, हे मी आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उगीच त्यांच्यावर राग काढाल. मीही काढून बघितला, पण तो तिथे टिकत नाही. कामाला उशीर का होतो हा धडा शिकवताना सरांनी वर्गात एक वाक्य म्हटलं, "चांगला व्यवस्थापक उशिराचं कारण शोधताना आधी आरशात बघतो." असली वाक्यं सर लोक दर तासाला एखादं टाकतात. ती ऐकायची, मान हलवायची आणि विसरायची असतात, हे विशीतल्या पोरांना कळतं. दाजींना नाही कळलं. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होता. एक खरी साइट घ्यायची, ठरलेलं वेळापत्रक आणि प्रत्यक्षात झालेलं काम शेजारी शेजारी मांडायचं, आणि प्रत्येक उशिराचं कारण द्यायचं. साइट ज्या कंपनीची असेल तिची परवानगी घ्यायची आणि रिपोर्टची एक प्रत तिला द्यायची. पोरांनी नेहमीप्रमाणे जुने रिपोर्ट शोधले. दाजींनी आपलीच साइट घेतली. दवाखान्याची इमारत होती आणि तिला भरपूर उशीर झाला होता.

तो का झाला हे तिथल्या मिक्सरलासुद्धा माहीत होतं. दवाखान्याच्या मालकाला रोज नवं काहीतरी सुचायचं. जिना डाव्या बाजूला चढत होता, तो त्याला उजवीकडे हवा झाला. ऑपरेशनची खोली खाली होती, ती वर न्यायची ठरली. बांधलेल्या भिंती फोडल्या, टाकलेले पाइप उकरले, आणि नवीन ड्रॉइंग येईपर्यंत माणसं विटांच्या ढिगावर बसून राहिली. ती ड्रॉइंग माझ्याच दुकानात, मोठे नकाशे छापायच्या प्लॉटरवर निघायची, त्यामुळे मीही साक्षीदार आहे. एकाच जिन्याची इतकी चित्रं मी काढली की तो मी स्वतः बांधला असता.

एका सकाळी दाजी रिपोर्ट घेऊन आले. तीन प्रती हव्या होत्या, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. मी छापायला लावला आणि मशीनमधून पानं येतील तशी वाचू लागलो. वाचायची मला सवय नाही, पण घरच्या माणसाचं म्हणून वाचलं. पहिले रकाने ठीक होते. शेवटचा रकाना होता उशिराच्या कारणाचा. त्यात सगळीकडे एकच शब्द दिसत होता, सुपरवायझर.

मी मशीन थांबवलं. "दाजी, हे काय? मालकाने जिना हलवला ते कुठंय?"

"आहे की. खाली बघ."

खाली लिहिलं होतं, 'मालकाकडून बदल येण्याची शक्यता सुपरवायझरने वेळीच ओळखली नाही.' त्याच्या खाली, 'प्लंबर अनुपस्थित. सुपरवायझरने पर्यायी माणूस तयार ठेवला नव्हता.' मी पान उलटलं. 'पावसामुळे काम बंद. सुपरवायझरने हवामानाचा अंदाज घेतला नाही.'

"पाऊससुद्धा तुमच्यामुळे पडला?"

"तसं नाही रे. पाऊस पडणारच. मी ताडपत्री आधी मागवायला हवी होती."

"याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात."

"शेठ, ही परीक्षा आहे," ते शांतपणे म्हणाले. "इथे सर बघणार, साहेब नाही. आणि सरांनी काय सांगितलंय, आधी आरशात बघा. मी बघितलं, जे दिसलं ते लिहिलं."

मी म्हटलं की एक प्रत कंपनीला जाते. त्यावर ते हसले. "ती कोण वाचतंय? कपाटात जाते." हे अगदी खरं होतं. कंपन्यांना गेलेल्या प्रतींवर चहाचे कप ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. बराच वेळ मी भांडलो, ते ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "छाप आता, वेळ होतोय." मी छापलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक रिपोर्ट बघून चकित झाले. इतकं परखड आत्मपरीक्षण आपण पाहिलं नाही असं म्हणाले. दाजी वर्गात पहिले आले. सरांनी त्यांचा रिपोर्ट आदर्श म्हणून विभागाच्या वाचनालयात ठेवला. ताईने शेजारपाजारी पेढे नाही पण बातमी तरी वाटलीच. आणि सरांचा आनंद इतका उतू चालला की त्यांनी दाजींना न सांगता कंपनीत फोन केला आणि एसीसाहेबांचं अभिनंदन केलं. "तुमच्याकडे असा प्रामाणिक माणूस आहे. त्यांचा रिपोर्ट तुम्ही आवर्जून वाचा."

एसीसाहेबांनी वाचला.

त्या वेळी दवाखान्याचा मालक त्यांच्या मागे लागला होता. इमारत लांबली, जबाबदार कोण? तुम्हीच, असं मालकाला सांगता येत नव्हतं, कारण पुढची इमारतही तोच देणार होता. एसीसाहेबांना एक नाव हवं होतं आणि ते त्यांना काळ्या कव्हरात, सोनेरी अक्षरांत आयतं मिळालं. सुंठीवाचून खोकला गेला.

ज्या दिवशी दाजींना बोलावलं त्या दिवशी मी योगायोगाने कंपनीतच होतो, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या द्यायला. एसीसाहेबांच्या खोलीला काचेची भिंत आहे आणि दार नीट लागत नाही, त्यामुळे आतलं दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. दाजी टेबलासमोर उभे होते. बाजूला क्रेनवाला, स्टोअरकीपर आणि प्लंबर. तिघांचेही कपडे साइटवरचेच होते आणि गालिच्यावर धूळ पडू नये म्हणून ते अंग चोरून उभे होते.

एसीसाहेबांनी क्रेनवाल्याला विचारलं, "कामाला उशीर कुणामुळे झाला?"

क्रेनवाल्याने दाजींकडे पाहिलं. मी काचेबाहेरून पाहिलं ते शपथेवर सांगतो, दाजींनी त्याला डोळ्यांनी 'सांग' अशी खूण केली. नेहमी करायचे तशीच. त्यांना वाटलं, हेही ओरडणंच आहे, दुपारपर्यंत विरेल. क्रेनवाला खाली बघून म्हणाला, "यांच्यामुळे." स्टोअरकीपरनेही तेच सांगितलं. तो इतकं हळू बोलला की त्याला दोनदा सांगावं लागलं.

प्लंबर जरा तिरसट माणूस. तो म्हणाला, "साहेब, तो जिना जेव्हा मालकाने..."

एसीसाहेबांनी रिपोर्ट उघडून पान त्याच्यापुढे धरलं. "यात यांनी स्वतः कारण लिहिलंय. विद्यापीठाने पहिला नंबर दिलाय. तुम्ही विद्यापीठापेक्षा जास्त शिकलात का?"

प्लंबर मागे सरकला. मग मला राहवलं नाही. मी दार ढकलून आत गेलो आणि म्हटलं, "साहेब, त्या जिन्याची किती ड्रॉइंग मी काढली ते मी सांगतो."

"तुम्ही कोण?"

"यांचा मेहुणा."

"मग बाहेर बसा," एसीसाहेब म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. दाजींनीही माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी बाहेर येऊन बसलो. माझ्यासारखा तापट माणूस, दुकानात एका पानाच्या शाईवरून गिऱ्हाइकाशी भांडणारा, त्या सोफ्यावर गुंडाळ्या मांडीवर घेऊन बसून राहिला. काय करणार होतो? आत जे चाललं होतं त्यात खोटा एकही कागद नव्हता.

दाजींना त्या महिन्याअखेर कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. इथे संन्याशानेच दोर वळून दिला होता.

त्यानंतर जो तो आपापल्या परीने हळहळला आणि कुणालाच काही करता आलं नाही. क्रेनवाला बायकोला घेऊन घरी आला, समोर ठेवलेला चहा न पिता बसला आणि "मी तसं बोलायला नको होतं" एवढंच म्हणत राहिला. दाजीच त्याची समजूत घालत होते. मी सरांकडे गेलो. त्यांना ऐकून खरोखर धक्का बसला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी पत्र देतो. हा माणूस स्वतःच्या चुका मान्य करण्याइतका मोठा आहे, असं लिहितो." मी म्हटलं, सर, कृपा करा आणि काही लिहू नका. ताई तर माझ्यावरच चिडायची, कारण ज्याच्यावर चिडायला हवं तो माणूस सकाळी उठून तिला भाजी निवडून द्यायचा आणि काहीच बोलायचा नाही. अशा माणसावर ती चिडणार तरी कशी?

दाजींनी अर्ज केले. डिग्री होती, अनुभव होता, बोलावणीही यायची. पण हा धंदा छोटा आहे, सगळे एकमेकांना फोन करतात. बऱ्याच ठिकाणी नंतर फोन आलाच नाही. मग एका ठिकाणाहून बोलावणं आलं. शाळेची इमारत होती आणि जागा इन्चार्जची होती. तिथल्या प्रमुख इंजिनिअर बाई स्वतः साइटवर बसणाऱ्या होत्या. प्लंबर आता त्यांच्याकडे काम करत होता आणि त्यानेच दाजींचं नाव सुचवलं होतं. ताई मला म्हणाली, "तू जा बरोबर. यांना एकट्याला सोडू नकोस."

जाताना रस्ताभर मी त्यांची तयारी करून घेतली. "त्या विचारतील, मागच्या कामाला उशीर का झाला. काय सांगायचं?"

"मालकाने बदल केले."

"अजून?"

"जिना हलवला, ऑपरेशनची खोली हलवली, ड्रॉइंग उशिरा आली."

"बास. एवढंच. यात खोटं एक अक्षर नाही." पोचेपर्यंत मी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, जशी लहान मुलाकडून कविता घेतात.

ऑफिस पत्र्याचं होतं. मी खिडकीबाहेर सिमेंटच्या गोण्यांवर बसलो. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दाजींचे कागद बघितले, साइटबद्दल काही बारीकसारीक विचारलं, आणि दाजींनी इतकी छान उत्तरं दिली की त्या मधेच म्हणाल्या, "मला असाच माणूस हवा होता." माझ्या मनात आलं, सुटलो. ताईला फोन करायला मी खिशातून मोबाइल काढलासुद्धा.

मग बाईंनी विचारलं, "दवाखान्याचं काम इतकं का लांबलं? मी वेगवेगळं ऐकलंय. तुम्ही सांगा."

दाजी खुर्चीत सरळ झाले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

"माझ्यामुळे," ते म्हणाले.

बाई थांबल्या. त्यांनी सुटायला दार उघडून दिलं म्हणा ना. "म्हणजे, मालकाने काही बदल वगैरे केले होते का?"

"केले होते. पण ते येणार हे मी आधीच ओळखायला हवं होतं."

बाईंनी फाइल मिटली. हळूच मिटली, रागाने नाही. "कळवते तुम्हाला," त्या म्हणाल्या.

फाटकाबाहेर येईपर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो. मग मी त्यांच्यावर ओरडलो, भर रस्त्यात, लोक बघत होते तरी. "आता तिथे कोण होतं वाचवायला? कुणाची नोकरी जाणार होती? समोरून त्या बाई विचारत होत्या, मालकाने बदल केले का. नुसतं हो म्हणायचं होतं. ते खोटं होतं का?"

दाजींनी मला ओरडू दिलं. मग स्कूटरच्या सीटवरची धूळ हाताने पुसली आणि म्हणाले, "पूर्वी साहेब माझ्यावर ओरडायचा ना, तेव्हा मला आतून माहीत असायचं की यात माझं काही चुकलेलं नाही. म्हणून मला काही वाटायचं नाही."

"मग?"

"आता मी शिकलोय, शेठ," ते म्हणाले. "आता मला खरंच वाटतं, तो उशीर माझ्यामुळेच झाला."